सोळा नंबरचा डोळा

मी एक जुना पुठ्ठ्याचा तुकडा आहे, मित्रांनो. जेमतेम तळहाताएवढा. एके काळी माझे कोपरे करकरीत होते, अंगावर चकाकी होती आणि नागपुरात तांडापेठेतली पोरे मला 'सोळा नंबर' म्हणत. आता माझ्या अंगाला भोके आहेत. मला हातात घेतलेत की तुम्ही आधी ती भोके पाहाल आणि मग तोंड वाकडे कराल, हे मला ठाऊक आहे. खुशाल पाहा. मला त्याची सवय झाली आहे.

माझ्या अंगावर एका क्रिकेट खेळाडूचे चित्र आहे. डावखुरा, हसरा, टोपी जराशी मागे सरकलेली. त्याचे नाव मी सांगणार नाही. नाव सांगितले की तुम्ही माझी हकिगत बाजूला ठेवाल आणि बाजारात माझे काय मिळेल त्याची चौकशी कराल. माणसांवर मी पटकन भरवसा ठेवत नाही. माझे आयुष्यच अशा दिवसांत गेले, की जो तो दुसऱ्याच्या खिशाकडे पाहत होता.

माझा जन्म कुठल्याशा छापखान्यात झाला. एका मोठ्या तावावर आम्ही चोवीस भावंडे शेजारी शेजारी छापली गेलो. मग आम्हाला कापले, गठ्ठे बांधले आणि बिस्किटांच्या कारखान्यात पाठवले. 'तुरा' नावाच्या बिस्किटांच्या प्रत्येक पुड्यात आमच्यापैकी एक जण बसे. चोवीसही कार्डे जमवून अल्बमात चिकटवली आणि कंपनीला पाठवली, तर खरीखुरी बॅट मिळणार होती. मात्र सोळा नंबर कोणालाच सापडत नसे. एका तावावरचे आम्ही सारे, मग सगळे सारखेच निघायला हवे होते की नाही? मला तर अजूनही वाटते, की माझ्या जुळ्या भावांना कंपनीनेच कुठेतरी कोंडून ठेवले असावे.

ते एकाहत्तर साल होते. आपला संघ वेस्ट इंडिजला तिथे जाऊन हरवून आला होता आणि आता इंग्लंडला खेळत होता. पोरांच्या अंगात क्रिकेट संचारले होते. तांडापेठेत घरोघरी हातमाग. पोरे कापडाच्या चिंध्यांना सूत गुंडाळून चेंडू करत आणि मागाच्या मोडक्या फळीने फटके मारत. तिथे खऱ्या बॅटचे काय मोल असेल, ते मी वेगळे सांगायला नको.

बिस्किटे विकत नत्थूजी. गल्लीच्या तोंडाशी त्यांचे किराणा दुकान होते. पोरे पुडे दाबून दाबून आत कोणते कार्ड आहे याचा अंदाज घेत आणि बिस्किटांचा चुरा करत, म्हणून नत्थूजींनी पुडे वरच्या फळीवर ठेवले होते. झाले! पोरांना संशय आला. नत्थूजी रात्री पुडे उघडतात, चांगली कार्डे काढून घेतात आणि पुडा परत चिकटवतात, असे पोरे एकमेकांच्या कानात सांगू लागली. शिवाय नत्थूजींचा मुलगा केशव स्वतः कार्डे जमवत होता. घरच्या दुकानातला पुडादेखील त्याला फुकट मिळत नसे, पण हे कोणाला खरे वाटणार?

मी ज्या घरी गेलो तिथे तर बिस्किटे फक्त आजारी माणसासाठी येत. घर होते बाबनराव विणकरांचे. त्यांची मुलगी मैना अकरा वर्षांची, चुणचुणीत आणि भारी संशयखोर. दूधवाल्याचे माप ती वाकून पाही. शाळेत डबा मांडीवर घेऊन बसे. उन्हाळ्यापासून तिला वरचेवर ताप येऊ लागला होता. तिची आई गोदूबाई कपाळाला हात लावी आणि म्हणे, "ताप कपाळाले नाही वं, तुह्या जिभेले आला." संशयाची देणगी मैनेला आईकडूनच मिळाली असावी.

अखेर एकदा गोदूबाईलाच खरा ताप आला आणि बाबनरावांनी पुडा आणला. तो मैनेने उघडला. मला पाहून ती ओरडेल, नाचेल असे मला वाटले होते. तिने आधी उठून दार लावून घेतले. मग मला उजेडात धरले, उलटे केले, माझा आकडा बोटाने घासून पाहिला. शाई हाताला लागली नाही तेव्हा कुठे ती हसली. त्या हसण्याने मला फार बरे वाटले. इतका काळ अंधारात काढल्यावर कोणीतरी आपल्याला पाहून हसावे, यासारखे सुख नाही.

पण हाती आलेला आनंद निवांत उपभोगायचा कसा, ते तिचे तिलाच माहीत नव्हते. शाळेत गोट्या आणि पेन्सिली देऊन कार्डे मिळवता मिळवता माझ्यासह तिच्याकडे तेवीस झाली होती. आता एकच हवे होते आणि ते साधे होते, आज ना उद्या मिळणारच होते. बॅट जवळजवळ हातात आली होती. तेव्हापासून मैनेची झोप उडाली. तिने मला आधी कार्डांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. डबा तर सगळ्यांना ठाऊक, म्हणून गणिताच्या पुस्तकात घातले. शेजारचा मुकुंद ते पुस्तक मागायला आला, तेव्हा तिने मला घाईने काढून पाटीखाली लपवले. शेवटी तिने अशी जागा शोधली, की तिला स्वतःचीच शाबासकी द्यावीशी वाटली.

ती जागा समजायला तुम्हाला बाबनरावांचा माग डोळ्यांपुढे आणावा लागेल. मागाच्या डोक्यावर जाकार्ड बसवलेले होते. त्यावर पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांची माळ फिरे. पट्ट्यांना भोके असत. जिथे भोक, तिथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर उचलला जाई. जिथे भोक नाही, तिथे धागा खालीच राही. त्यातूनच साडीच्या काठावर फुले उमटत. कोपऱ्यात एक लाकडी पेटी होती. तिच्यात फाटक्या पट्ट्या आणि डागडुजीसाठी जमवलेले पुठ्ठ्यांचे तुकडे टाकलेले असत. पुठ्ठ्यांत पुठ्ठा कोणाला दिसणार, असा हिशेब करून मैनेने मला त्या पेटीत सरकवले.

आणि मान वर केली, तर दारात केशव उभा. दुकानातल्या रेडिओवर लंडनच्या पहिल्या मॅचचे वर्णन लागले होते, म्हणून तो तिला बोलवायला आला होता.

"इथं काहून ठेवून राहिली वं?" त्याने विचारले.

"कोणाले सांगशील तर पाहाय!"

"नाही सांगत. पण इथं नको ठेऊ. गोदूकाकू मागासाठी यातलेच पुठ्ठे घेते, मी पाहिलं हाय."

मैनेने डोळे बारीक केले. "मंग कुठी ठेऊ? तुह्या दुकानात?"

"ठेवतं तर ठेव," केशव साधेपणाने म्हणाला.

मित्रांनो, मी पेटीत पडल्या पडल्या ऐकत होतो. त्या मुलाच्या बोलण्यात काडीचेही कपट नव्हते. माझ्यासारख्या शंकेखोराला जे कळले, ते मैनेला कळले नाही. मला इथून हलवावे आणि स्वतःच्या हाताशी ठेवावे, हाच त्याचा डाव आहे, असे तिने ठरवून टाकले. म्हणून तिने मला हट्टाने तिथेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी मैना शाळेत गेली. बाबनराव सूत आणायला विणकरांच्या सोसायटीत गेले. पावसाळी हवेने पट्ट्या सादळल्या होत्या. माळेतली एक पट्टी फाटून तिची भोके एकमेकांत मिसळली होती. गोदूबाईला हे काम सासरी आल्यापासून येत होते. तिने पेटीत हात घातला. बाकीचे तुकडे मऊ पडलेले. माझ्यावर तिचे बोट थांबले. कार्डे पत्र्याच्या डब्यात असतात, पेटीत असतो तो टाकाऊ पुठ्ठा, एवढेच तिला माहीत. पोरीने नको म्हणून टाकलेला असेल, असे समजून तिने माझ्या पाठीला खळ लावली आणि मला फाटक्या पट्टीवर चिकटवले.

खळ वाळल्यावर तिने मागच्या बाजूने सुईने खुणा टोचल्या. मग पट्टी उलटून माझ्या तोंडाच्या बाजूने टोच्याने एकेक खूण मोठी करू लागली. टोपीला भोक पडले. खांद्याला पडले. हातातल्या चेंडूला पडले. फार दुखले, पण मी हसतच होतो. छापलेल्या तोंडाला दुसरे काय करता येते? मग तिचा टोचा माझ्या डाव्या डोळ्यावर आला आणि थबकला. सुईची खूण बरोबर बुबुळावर होती.

"कोण्या माउलीचं लेकरू हाय बाप्पा," ती स्वतःशीच पुटपुटली. "याच्या डोयात कशी खुपसू?" तिने टोचा खाली ठेवला. "एका भोकानं काय होते!"

एका भोकाने काय होते ते ती पक्के जाणत होती. तरीही तिच्याने ते भोक पाडवले नाही. माझा डोळा वाचला. तेवढ्यासाठी मी गोदूबाईचा जन्मभर ऋणी आहे, मग पुढे त्या डोळ्याने मला काहीही पाहावे लागलेले असो.

संध्याकाळी मैना आली आणि तिने पेटी उपसली. एकदा, दोनदा, तुकडान् तुकडा. मी तिच्या डोक्यावर हातभर उंच माळेत लटकलो होतो, पण माझे तोंड आतल्या बाजूला होते.

"काय शोधून राहिली वं?" गोदूबाईने चुलीपाशी बसून विचारले.

"काही नाही. पेन्सिल."

"पेन्सिल पुठ्ठ्याच्या पेटीत असते काय?"

मैनेने पेटीचे झाकण लावून टाकले. एक शब्द बोलली असती तर सगळे तिथल्या तिथे मिटले असते. पण आईला सांगितले तर आई बाबांना सांगेल, बाबा डबाच जप्त करतील, असा तिचा कयास. आणि खरे सांगायचे तर तिला विचारण्याची गरजच वाटत नव्हती. तिच्या मनात चोर केव्हाच पकडला गेला होता. जागा कोणाला ठाऊक होती? एकट्या केशवला.

त्यानंतर ती केशवच्या पाळतीवर राहिली. तो हसला, तर माझे कार्ड मिळाले म्हणून हसतो. गप्प राहिला, तर मन खाते म्हणून गप्प आहे. त्याने सोळा नंबरची गोष्ट काढली नाही, हा तर मोठाच पुरावा झाला. बिचाऱ्याने कोणाला सांगणार नाही असे कबूल केले होते, म्हणून तो काढत नव्हता! पण संशयाला असे काही समजत नाही. त्याला काहीही खाऊ घाला, तो पुष्टच होतो.

मैनेने मुकुंदला सांगितले. मुकुंदच्या पोटात काही राहत नसे. पोळ्याच्या सकाळपर्यंत साऱ्या गल्लीतल्या पोरांना केशव चोर असल्याचे समजले होते. फक्त केशवला समजले नव्हते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते. काळी आणि पिवळी, अशा दोन मोठ्या मारबतींची मिरवणूक निघते आणि लोक गावाची पीडा त्यांच्या माथी घालून ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" सोबत बडगे असतात. लोकांना छळणाऱ्या एखाद्या गोष्टीचा किंवा माणसाचा पुतळा करायचा, त्याच्या गळ्यात पाटी अडकवायची, गल्लोगल्ली हिंडवायचा आणि शेवटी जाळायचा, तो बडग्या. पोरेसोरेही आपापल्या मोहल्ल्यात लहान बडग्या करतात. महागाईचा करतात, डासांचा करतात. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या पोरांनी केशवचा केला.

मी ते सारे प्रत्यक्ष कसे पाहणार? माग सणासाठी बंद होता आणि मी भिंतीकडे तोंड करून लटकलो होतो. पण त्या दिवसाची हकिगत पुढे इतक्या जणांनी माझ्यासमोर सांगितली, की मला ती पाहिल्यासारखीच वाटते. तणसाचा पुतळा. अंगात गोणपाट. चिंध्या मैनेच्या घरच्या. पाटीवर काय लिहायचे यावर पोरे अडली. नाव घालावे की नाही?

"चोराले चोर म्हणाले काय भेव?" मुकुंद म्हणाला. "पण तू लिही वं मैने. कार्ड तुहं गेलं."

मैनेने कोळसा घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिले : कार्डचोर केशव.

बडग्या निघाला. डबे बडवत, धूळ उडवत पोरे दुकानासमोर आली. नत्थूजी गिऱ्हाइकाला गूळ तोलत होते. तो दिवस पोरांच्या तान्ह्या पोळ्याचाही, म्हणून केशव आपला लाकडी नंदी सजवून, त्याच्या शिंगांना बेगड लावून पायरीवर उभा होता. आधी तो हसला. मग त्याने पाटी वाचली.

"कार्डचोराले घेऊन जा गे मारबत!" पोरे ओरडली. त्यात मैनेचा आवाज सगळ्यात वरचा होता.

 नंदी छातीशी धरून केशव आत गेला. नत्थूजींच्या हातातली तराजू तशीच लोंबत राहिली. गिऱ्हाईक बाई तराजूकडे जरा निरखून पाहू लागली आणि म्हणाली, "गूळ पुन्हा एक डाव तोला बरं." पोराचे नाव निघाले आणि बापाच्या तराजूवर डोळे गेले, ते असे.

घरी गोदूबाईच्या कानावर गेलेच. "त्यानं घेतलं हे तू पाहिलं काय?" तिने विचारले.

"नाही. पण त्यालेच जागा ठाऊक होती."

"कोणती जागा? कुठी ठेवलं होतं?"

"ठेवलं होतं एका जागी," एवढे बोलून मैनेने भिंतीकडे तोंड फिरवले. आईवरही तिचा पुरता विश्वास नव्हता. मी वरून ऐकत होतो आणि मनातल्या मनात म्हणत होतो, सांग गं, आता तरी सांग! पण छापलेल्या तोंडाचे कोण ऐकणार?

पुढचे दिवस वाईट गेले. केशव शाळेत एकटा जाई, एकटा येई. दुकानाच्या पायरीवर वर्णन ऐकायला जमणारी पोरे आता समोरच्या घराच्या ओट्यावर बसत आणि कान ताणत. नत्थूजींनी तुऱ्याचे पुडे फळीवरून काढूनच टाकले. बाया डाळ-तांदूळ घेऊन घरी जाऊन पुन्हा मोजत. इतकी वर्षे त्या माणसाने इमानाने तोललेले एका पाटीने पुसून टाकले. मैनेला तेविसावे साधे कार्ड शाळेत अदलाबदलीत मिळाले. पण सोळा नंबरची जागा रिकामीच होती आणि बॅटची गोष्ट आता ती काढत नव्हती.

गणपती बसले त्या दिवशी बाबनराव सोसायटीतून परत आले, ते साडी काखेत घेऊनच. त्यांनी ती खाटेवर टाकून दिली.

"काठात ठिपका गळून राहिला म्हणते," ते म्हणाले. "प्रत्येक फुलात. मले वाटलं, तो तपासनीस माह्यावर डूख धरून हाय."

साडी मागावर उलट्या अंगाने विणली जाते, त्यामुळे चूक खाली लपली होती. गोदूबाईने पदर उलटून दारातल्या उजेडात धरला. काठावर फुलेच फुले, आणि प्रत्येक फुलाच्या मध्यावर एक ठिपका नाही. तिचा चेहरा उतरला. बाबनराव स्टुलावर चढले, एकेक पट्टी हाताने चाचपत माझ्यापाशी आले आणि त्यांनी मला उलटवले. किती दिवसांनी मी उजेड पाहिला!

"हे काय लावलं वं? हा तर किरकेटवाला!"

"पेटीतलाच पुठ्ठा होता जी," गोदूबाई म्हणाली. "त्याच्या डोयात टोचा नाही घालवला मले."

मैना अभ्यासाला बसली होती. ती उठली. माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या टोपीला भोक, खांद्याला भोक आणि खाली कोपऱ्यात सोळाचा आकडा जसाच्या तसा. तिने तोंडावर हात ठेवला.

"माय," ती म्हणाली, "त्यानं सांगितलं होतं. इथं नको ठेऊ म्हणे. काकू यातलेच पुठ्ठे घेते म्हणे."

आता गोदूबाईलाही सगळा उलगडा झाला.  बाबनरावांनी पट्टी सोडवली, ओल्या फडक्याने खळ भिजवली आणि मला अलगद सोडवून मैनेच्या हातावर ठेवले. "आता तू पाहाय," एवढेच म्हणाले.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मैनेची मूठ माझ्यावर आवळली गेली. चूल समोरच पेटलेली होती. मी त्यात गेलो असतो तर गल्लीत कोणालाही काही कळले नसते. माझ्या मनात शंका आलीच, की ही पोरगी मला जाळणार.  पण ती चुलीकडे गेली नाही. चप्पल न घालताच ती बाहेर पडली.

दिवेलागण झाली होती. बडग्या जिथून निघाला होता, तिथूनच तिने सुरुवात केली.  मला डोक्यावर धरून ती ओरडली, "केशवनं कार्ड घेतलं नाही! कार्ड आमच्याच घरी होतं!" ज्या ज्या दारावरून पुतळा गेला होता, त्या त्या दारावरून ती तसेच ओरडत गेली. नेमकी त्याच वेळी लंडनची दुसरी मॅच आपण जिंकली होती. गल्लीत फटाके फुटत होते आणि लोकांना आधी वाटले, पोरगी जिंकल्याच्याच आनंदात ओरडते आहे.

नत्थूजींच्या दुकानासमोर गर्दी होती. मैनेला पाहून नत्थूजींनी रेडिओचा आवाज बारीक केला. तिने पुन्हा एकदा सगळे सांगितले, रडत रडत, पण एकही शब्द न गाळता. पाटी मी लिहिली, हेही सांगितले.

मुकुंदने मला तिच्या हातातून घेतले. "मंग याले भोकं काहून हायत? ओळखू नये म्हणून पाडले असंल!"

"केशवच्या बापानंच आणून देल्लं असंल, प्रकरण मिटवाले," मागून कोणीतरी म्हणाले.

आता मैनेवर कोणी विश्वास ठेवीना. खरे बोलूनही आपल्याकडे लोक कसे पाहतात, हे तिला त्या क्षणी कळले. ती केशवकडे पाहू लागली. तो पोत्यामागे उभा होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला सारत गोदूबाई आली. तिच्या हातात ती परत आलेली साडी होती. विणकराच्या घरची बाई बिघडलेला काठ कोणाला दाखवत नाही. तो घडीत घालून पेटीच्या तळाशी जातो, कारण तो दिसला की नवऱ्याच्या हाताला नाव ठेवले जाते. गोदूबाईने ती साडी दुकानाच्या दिव्याखाली, चारचौघांत, पदरापासून उलगडली.

"पाहा," ती म्हणाली. "हा ठिपका गेला ना? तो याच्या डोयातला हाय. त्या डोयात मी भोक पाडलं नाही. कार्ड माह्या हातानं मागावर गेलं. त्या लेकराचा काही दोष नाही."

बायांनी काठ हातात घेतला. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, परत काठाकडे पाहिले. विणकरांचीच वस्ती ती, कोणाला समजावून सांगावे लागले नाही. गूळ पुन्हा तोलायला लावणारी बाई खाली मान घालून घरी गेली. मुकुंदने मला मुकाट्याने परत मैनेच्या हातात दिले.

मैनेने मला केशवपुढे धरले. "घे. तुह्यापाशीच ठेव."

केशवने हात पुढे केला नाही. तो तिच्याकडे पाहत होता. रागाने नव्हे. राग असता तर बरे झाले असते.

"मैने," तो म्हणाला, "तू मले विचारलं काहून नाही?"

 पायरीवर मला ठेवून ती आईच्या मागे मागे घरी गेली. रात्री दुकान बंद करताना केशवने मला उचलले.

दोघे पुन्हा बोलू लागले, पण लगेच नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. कंपनीची मुदत संपली आणि बॅट कोणालाच मिळाली नाही. गल्लीतला एक म्हातारा तर पुढे कितीतरी वर्षे केशवला गमतीने 'कार्डचोर' म्हणून हाक मारी. केशव हसून ओ देई. एकदा काढलेले नाव परत घेता येते, पण लोकांच्या जिभेवरून ते पुरते जात नाही, हे मी त्याच्याजवळ राहून पाहिले आहे.

आता ऐंशी साल केव्हाच उलटले. मैना लग्न होऊन उमरेडला गेली. केशव दुकान चालवतो आणि मी त्याच्या गल्ल्यात, सुट्ट्या नाण्यांच्या शेजारी राहतो. मागे रामदासपेठेतून एक हौशी गृहस्थ जुनी कार्डे शोधत आले होते. मला पाहून त्यांचे डोळे चमकले, मग भोके दिसली आणि त्यांनी मला टेबलावर टाकून दिले. त्यांचे बरोबरच आहे. माझे कोपरे तुटले, चकाकी गेली. मला जपा, अशी विनवणी मी तुम्हाला करणार नाही. पुठ्ठा तो, आज ना उद्या जाणारच. जपायचे ते माणसाचे नाव जपा, मित्रांनो. त्याला भोक पडले, तर ते कोणत्याच खळीने बुजत नाही.

परवाचीच गोष्ट. सामान उतरवताना तेलाचा एक डबा कमी भरला. हमाल नवा होता. केशवच्या कपाळावर आठी चढली, आवाज चढायला आला. बोलण्याआधी त्याने गल्ला उघडला. नाण्यांत काही शोधत असल्यासारखे करून त्याने माझ्या शाबूत डोळ्याकडे पाहिले. मग गल्ला बंद केला, हमालाला जवळ बोलावले आणि हळू आवाजात विचारले, "भाऊ, एक डबा दिसून नाही राहिला. तुले काही ठाऊक हाय काय?"